खडूचे वर्तुळ आणि मालकीचा प्रश्न



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे, त्यांच्याविषयी बोलण्याचा अधिकार माझ्यापेक्षा आपणा सर्वांना अधिक आहे. आपण त्यांच्या हाताखाली शिकलात. मी त्यांना ओळखतो तो त्यांच्या विद्यार्थ्यांवरून; आणि शिक्षकाची ओळख पटण्यास याहून चांगला मार्ग नाही असे मी मानतो. तेव्हा गौरवाचे शब्द आवरते घेऊन थेट विषयाकडे वळतो.

संयोजकांनी सुचविलेला विषय असा आहे: नाटकातील भांडवलशाही आणि समाजवाद यांचा संघर्ष. विषय भारदस्त आहे आणि म्हणूनच थोडा धोक्याचाही आहे. असा विषय निघाला की नाटक बाजूला राहते, वक्ता दोन विचारप्रणालींची कुस्ती लावून देतो आणि अखेर वक्त्याच्या मनात जो मल्ल आधीच विजयी झालेला असतो तोच आखाड्यातही जिंकतो. मी जन्मभर मराठी शिकवले, अर्थशास्त्र नव्हे. त्यामुळे नाटकाचा हात सोडून मला या विषयात दोन पावलेही टाकता येणार नाहीत. एकच नाटक घेऊन, त्याच्या आधाराने जे सुचते ते आपल्यापुढे ठेवणार आहे.

मालक आणि मजूर हा विषय मराठी रंगभूमीला नवा नाही. मामा वरेरकरांनी १९३२ साली ‘सोन्याचा कळस’ लिहिले आणि गिरणीतला झगडा ललितकलादर्शच्या रंगमंचावर आणला. पुढे १९४४ पासून अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने तोच झगडा थिएटरातून काढून चाळींच्या पटांगणात नेला. आणि १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणीसंपानंतर गिरणगावातल्या घरांचे काय झाले, हे जयंत पवारांनी १९९७ च्या ‘अधांतर’ या नाटकात चाळीतल्या एका कुटुंबाच्या द्वारे दाखविले. या तीन टप्प्यांवर स्वतंत्र व्याख्यान होऊ शकेल. सुरतकरांना तर ते जवळचे वाटेल. कारण मुंबईच्या गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबत होते त्या काळात भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी आणि आपली सुरत येथील यंत्रमाग रात्रंदिवस खडखडत होते, आणि ते चालवायला खानदेशातून माणसे इकडे येत होती.

मी निवडलेल्या नाटकात मात्र गिरणी नाही, संप नाही, लाल निशाण नाही. त्यात एक मूल आहे, त्या मुलावर हक्क सांगणाऱ्या दोन स्त्रिया आहेत आणि जमिनीवर खडूने काढलेले एक वर्तुळ आहे. बर्टोल्ट ब्रेख्त या जर्मन नाटककाराने १९४४ साली, हिटलरच्या राज्यातून परागंदा होऊन अमेरिकेत राहत असताना, हे नाटक लिहिले. मराठीत ते चिं. त्र्यं. खानोलकरांनी ‘अजब न्याय वर्तुळाचा’ या नावाने आणले. विजयाबाई मेहता आणि पूर्व जर्मनीतून आलेले दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ यांनी १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ते रंगभूमीवर उभे केले, आणि पुढे तो मराठी प्रयोग पूर्व जर्मनीतही गेला. त्याच सुमारास व्यंकटेश माडगूळकरांनी ब्रेख्तचे दुसरे एक नाटक ‘देवाजीने करुणा केली’ या नावाने मराठीत आणले. १९७८ मध्ये पुलंचा ‘तीन पैशाचा तमाशा’ आला. म्हणजे हा जर्मन साम्यवादी नाटककार दहा वर्षांच्या आत आपल्याकडे चांगलाच रुळला. त्याचे निवेदक, त्याची गाणी, प्रेक्षकांशी त्याने मध्येच केलेली सलगी हे सारे तमाशा आणि दशावतार पाहिलेल्या माणसाला परके वाटण्याचे कारणच नव्हते.

गोष्ट तर त्याहूनही जुनी आहे. बायबलातील शलमोन राजा मुलाचे दोन तुकडे करा म्हणतो, आणि जी स्त्री नको म्हणते ती खरी आई ठरते. आपल्याकडे महाउम्मग्ग जातकात महोसध पंडित जमिनीवर रेघ ओढतो, मुलाला त्या रेघेवर ठेवतो आणि आई व यक्षिणी या दोघींना ओढायला सांगतो. मूल कळवळताच आई हात सोडते. चीनमध्येही जुन्या काळी यावर एक नाटक रचले गेले. ब्रेख्तला खडूचे वर्तुळ मिळाले ते तेथून. या सर्व कथांमध्ये एक गोष्ट ठाम आहे: जन्म देणारी आईच हात सोडते. रक्त ओळखू येते, आणि न्यायाधीशाचे काम फक्त ते ओळखण्याचे असते.

ब्रेख्तने नेमकी हीच गोष्ट उलटी केली. त्याच्या नाटकात जन्मदाती ओढत राहते आणि सांभाळणारी हात सोडते. निकाल सांभाळणारीच्या बाजूने लागतो. मराठी प्रेक्षकाला यात धक्का बसण्यासारखे फारसे नसावे, कारण आपण देवकीची पूजा करतो खरी, पण पाळणे गातो ते यशोदेचे. तरी एक फरक आहे. मथुरेहून अक्रूर रथ घेऊन आला तेव्हा यशोदेने दावा लावला नाही. ती रडली आणि दारात उभी राहिली. ब्रेख्तची ग्रुशा कोर्टात उभी राहते.

ही ग्रुशा कोण? काकेशस पर्वतातल्या एका प्रांताच्या सुभेदाराकडची स्वयंपाकघरातली मोलकरीण. ईस्टरच्या दिवशी बंड होते, सुभेदाराचे मुंडके उडविले जाते, आणि त्याची बायको नातेला कोणते कपडे बरोबर घ्यावेत या विवंचनेत तान्हे मूल विसरून पळते. ग्रुशा त्या मुलाजवळ रात्रभर बसते आणि पहाटे त्याला चोरीचा माल उचलावा तसे उचलते. येथून पुढचा सारा अंक म्हणजे एका मुलाचा जमाखर्च आहे. वाटेत दूध हवे असते. म्हातारा शेतकरी दुधाची जी किंमत सांगतो ती मोलकरणीच्या कमाईच्या मानाने अतोनात असते. ग्रुशा घासाघीस करते, आपले कोरडे स्तन मुलाच्या तोंडी देऊन पाहते, आणि अखेर पैसे मोजते. त्या म्हाताऱ्याला ब्रेख्तने खलपुरुष केलेले नाही, हे मला विशेष वाटते. सैनिकांनी त्याच्या शेळ्या नेल्या आहेत, म्हणून दूध महाग आहे. बाजार म्हणजे काय हे या एका लहानशा प्रसंगात जितके कळते तितके जाड ग्रंथांतूनही कळेलच असे नाही.

पुढे ती पाठलाग करणाऱ्या शिपायाच्या डोक्यात ओंडका घालते. मोडकळीस आलेल्या झुलत्या पुलावरून मूल पाठीशी बांधून दरी ओलांडते. भावाच्या घरी भावजयीच्या धार्मिक तोंडाला तोंड देत हिवाळा काढते. मुलाला बापाचे नाव हवे म्हणून ती एका मरायला टेकलेल्या माणसाशी लग्न लावते. आणि युद्ध संपल्याची बातमी येताच तो मरणासन्न नवरा ताडकन उठून बसतो, कारण त्याचा आजार लष्करात जाणे टाळण्यापुरताच होता! इथे प्रेक्षागृहात हशा पिकतो. पण या हशामागे तिचा सायमन नावाचा वाग्दत्त सैनिक कायमचा दुरावण्याची वेळ आलेली असते. एका मुलापायी ग्रुशाने मजुरी, अब्रू आणि प्रियकर असे सर्व काही पणाला लावलेले असते. ब्रेख्त तिच्या मातृत्वाचे गोडवे गात नाही; तो फक्त एकामागून एक रकमा मांडत जातो. म्हणून कोर्टात ती उभी राहते तेव्हा तिचा दावा भावनेचा राहत नाही. तो श्रमाचा दावा होतो.

समोर नातेला आहे. तिच्या वकिलांनी आईच्या काळजावर लांबलचक भाषण सुरू केलेले असते. पण त्यांतला दुसरा वकील घाईत खरे बोलून जातो. सुभेदाराची सर्व मालमत्ता वारसाशी जखडलेली आहे. मूल ताब्यात नसेल तर नातेलाला एक कवडीही वापरता येणार नाही. मूल हा तिच्यासाठी दस्तऐवज आहे. नाटकातील भांडवलशाही आहे ती एवढीच, या एका वाक्यापुरती. तिला ना कारखाना लागला, ना तिजोरी.

आणि न्यायासनावर अझदाक आहे. हा एक गावचा कारकुनी पेशाचा, पिणारा, लबाड आणि भेकड माणूस. बंडाच्या गोंधळात जुन्या न्यायाधीशाला फाशी झाली आणि शिपायांनी गंमत म्हणून याला खुर्चीत बसविले. कायद्याचे जाडजूड पुस्तक तो वाचत नाही. बूड टेकायला खाली घेतो. श्रीमंतांकडून उघडपणे लाच खातो आणि निकाल गरिबांच्या बाजूने देतो. प्रेक्षक त्याच्यावर लुब्ध होतात. मी वर्गात हे नाटक बोलत असे तेव्हा मुलांनाही तोच आवडे. मला मात्र त्याच्या खुर्चीची नेहमी भीती वाटत आली आहे. ग्रुशाला न्याय मिळाला तो एका अपघाताने. खुर्चीत दुसरा कोणी असता, पुस्तक उघडून वाचणारा एखादा सज्जन न्यायाधीश असता, तर मूल नातेलाकडेच गेले असते, आणि ते कायद्याला धरूनच झाले असते. ब्रेख्तला हे पुरते ठाऊक होते. निकाल देऊन झाल्यावर अझदाक नाहीसा होतो. पुन्हा तो कोणाला दिसत नाही.

या नाटकाने मांडलेला प्रश्न असा आहे की वस्तू कोणाची: कागद ज्याच्या नावाचा आहे त्याची, की ती ज्याने राबून वाढविली त्याची? तो मॉस्कोहून किंवा बर्लिनहून आयात करण्याची आपल्याला गरज नव्हती. तो आपल्या शेताच्या बांधावरच उभा होता. १९४८ चा मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायदा आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. १ मे १९६० पर्यंत सुरत जिल्हा मुंबई राज्यातच होता. तेव्हा हा कायदा जसा ठाणे-कुलाब्याला लागू झाला तसाच या तापीकाठालाही. १ एप्रिल १९५७ हा ‘कृषकदिन’ ठरला आणि त्या दिवशी कूळ जमिनीचे मालक झाल्याचे कायद्याने मानले. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा म्हणजे खडूचे वर्तुळच होते. सातबाऱ्यावर नाव असलेली आई एका बाजूला आणि पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरणारी दाई दुसऱ्या बाजूला. निकाल दाईकडे गेला, आणि तो अझदाकाने लहरीत दिला नाही. विधिमंडळाने रीतसर दिला. ही आपल्या लोकशाहीची केवढी मोठी गोष्ट आहे, ते आपण फार लवकर विसरलो. त्या आधी, १९५१ पासून, विनोबा गावोगाव हिंडून मालकांना हात सोडायला सांगत होतेच. पण जो आपण होऊन सोडतो त्याच्यासाठी वर्तुळ काढण्याची गरज पडत नाही.

आता या निकालातील एक बारकावा सांगतो, कारण खरी गोम त्यात आहे. ‘जातीने कसणे’ याची कायद्यातील व्याख्या अशी होती की स्वतःच्या देखरेखीखाली मजूर लावून केलेली शेतीही तीत बसे. दक्षिण गुजरातेत ज्यांना ‘हाळी’ म्हणत, ते दुबळा समाजाचे शेतगडी, ज्यांना गांधीजींनी हळपती हे नाव दिले, लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जन्मभर एकाच घरी बांधले जात. जमिनीला खरोखर हात लावत ते तेच. पण ते कूळ नव्हते. त्यांच्या नावाने खंडाची पावती नव्हती, कोणताच कागद नव्हता. म्हणून ‘कसेल त्याची जमीन’ या निकालात कसणाऱ्यांपैकी जो सर्वांत खालचा होता तो वर्तुळाच्या बाहेरच राहिला. ग्रुशा जिंकली, आणि ग्रुशाच्या घरची मोलकरीण जिथल्या तिथे राहिली, असे म्हणा हवे तर.

जमिनीच्या बाबतीत निदान एवढे तरी झाले. यंत्राच्या बाबतीत ‘चालवील त्याचा माग’ असे कोणत्याही विधिमंडळाने कधी म्हटले नाही. या सभागृहात असे अनेकजण असतील की ज्यांचे वडील लूमच्या खात्यात बारा-बारा तासांच्या पाळीत उभे राहिले, मीटरवर मजुरी घेतली, आणि ज्यांच्या नावाने ना हजेरीपट होता ना ओळखपत्र. १९४८ च्याच कारखाने कायद्यात विजेवर चालणाऱ्या कारखान्याला दहा कामगारांची मर्यादा होती. त्यामुळे एका छपराखाली चार नावांच्या चार पेढ्या कशा निघतात हे मी आपल्याला काय सांगावे? आणि आपल्यात असेही काहीजण आहेत, ज्यांनी वीस वर्षे दुसऱ्याचे माग चालवून पुढे स्वतःचे चार-सहा माग घेतले, आणि मग त्यांनीही मीटरवरच मजुरी दिली. त्यांना मी दोष देत नाही. दुधाची किंमत सांगणारा तो म्हातारा शेतकरी मला अशा वेळी हटकून आठवतो.

इथवर आपण नाटकाचा गाभा पाहिला. पण या नाटकाला एक नाट्यारंभ आहे, आणि माझ्या मते विषयाची सर्वांत अवघड बाजू तिथे आहे. अमेरिकेत कित्येक वर्षे हा भाग वगळूनच प्रयोग होत असत. तो सरळसरळ सोव्हिएत प्रचार आहे असे त्यांना वाटे. इतर देशांतल्या दिग्दर्शकांनाही त्याला कात्री लावण्याचा मोह होतो. तो ठेवला तर नाटक एकदम वेगळे दिसू लागते.

प्रसंग असा: महायुद्ध संपत आले आहे. जर्मन सैन्य हटले आहे. काकेशसमधील एका उद्ध्वस्त गावात दोन सामुदायिक शेतसंस्थांचे लोक गोलाकार बसले आहेत. एक संस्था शेळ्या पाळणाऱ्यांची. ही दरी पूर्वापार त्यांची; युद्धात सरकारच्या सांगण्यावरून ते कळप घेऊन पूर्वेकडे गेले होते, आता परत येऊ पाहतात. दुसरी संस्था शेजारच्या फळबागवाल्यांची. त्यांनी मागे राहून, रानात लपून शत्रूशी लढा दिला, आणि लढता लढता पाटबंधाऱ्याचा एक नकाशा तयार केला. दरीत पाणी आणले तर द्राक्षे आणि फळबागा होतील. पण मग कुरणे राहणार नाहीत. शेळीवाल्यांनी येताना स्वतःच्या हातचे चीज आणले आहे. ते म्हणतात की नव्या जागेच्या गवतावर या चिजाला पूर्वीची चव येत नाही. राजधानीहून आलेला अधिकारी हे सगळे लिहून घेतो. नकाशा पाहता पाहता शेळीवाल्यांचा विरोध विरघळतो आणि दरी फळबागवाल्यांना मिळते. त्या आनंदात फळबागवाले पाहुण्यांसाठी नाटक करतात, आणि ते नाटक म्हणजे खडूच्या वर्तुळाची गोष्ट.

आता नीट पाहू. गोष्टीत ग्रुशा जिंकते, कारण तिने मूल सांभाळले. नाट्यारंभात मात्र दरी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणारे शेळीवाले ती गमावतात, आणि ज्यांच्या हाती नकाशा आहे ते मिळवतात. ग्रुशाचा हक्क तिने आधीच केलेल्या श्रमाचा आहे. फळबागवाल्यांचा हक्क पुढे होणाऱ्या उपयोगाचा आहे. ही दोन तत्त्वे एक नव्हेत. ‘जो राबला त्याचे’ आणि ‘जो अधिक चांगला वापर करील त्याचे’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि ब्रेख्तने ती दोन्ही एकाच गाण्याच्या सुरावर बसविली आहेत. दुसरे तत्त्व तर समाजवादाइतकेच भांडवलशाहीलाही प्रिय आहे. कारखान्यासाठी शेत मागणारा उद्योगपती आणि धरणासाठी गाव मागणारे सरकार, दोघेही नकाशा उलगडतात आणि अधिक चांगल्या वापराचीच भाषा बोलतात.

आपल्या तापीवर उकाईचे धरण १९७२ मध्ये पुरे झाले. त्याच्या पाण्याने सुरत जिल्ह्यातल्या उसाला बरकत आली, शहराला पाणी मिळाले, वीज मिळाली. धरणाच्या पाण्याखाली जी गावे गेली ती बहुतांशी आदिवासींची. त्यांत आपल्या नवापूर भागातलीही होती. ती माणसे त्या दरीचे शेळीवालेच. फरक इतकाच की त्यांना गोलात बसवून कोणी नकाशा दाखविला आणि त्यांचे चीज चाखून पाहिले, असे इतिहास सांगत नाही.

आणि खुद्द काकेशसमध्ये तरी काय झाले? ज्या १९४४ साली ब्रेख्त कॅलिफोर्नियात बसून हे प्रसन्न संभाषण लिहीत होता, त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत त्याच पर्वतरांगांच्या उत्तर उतारावरच्या चेचेन आणि इंगुश लोकांना स्टालिनच्या राजवटीने लहानथोरांसकट आगगाड्यांत भरून मध्य आशियात नेऊन टाकले. तिथे शेळीवाल्यांना कोणी विचारले नाही. त्याही आधी, १९२९ नंतर, सामुदायिक शेती कशी आली आणि १९३२-३३ च्या दुष्काळात किती माणसे मेली, हे आज सर्वांना ठाऊक आहे. ब्रेख्तने रेखाटलेला समाजवाद नकाशावर कुठेही नव्हता. तो स्वतःही सावध गृहस्थ होता: राहायला पूर्व बर्लिन, पारपत्र ऑस्ट्रियाचे, प्रकाशक पश्चिम जर्मनीतला, आणि १९५४ साली जाहीर झालेले पारितोषिक स्टालिनच्या नावाचे. मुंबईच्या चाळीत अशा माणसाला ‘सगळीकडे पाय ठेवून आहे’ म्हणतात.

तरीही हा नाट्यारंभ खोटा म्हणून फेकून द्यावा असे मला वाटत नाही. उलट, माझ्या मते सगळ्या नाटकातील खरी नवी गोष्ट तीच आहे. तिथे अझदाक नाही. न्यायाधीश नाही. ज्याचे जाणार आहे तो समोर बसला आहे, त्याला बोलायला वेळ आहे, त्याचे चीज खाल्ले जाते आहे, आणि अखेर हात सोडतो तो त्याचा तोच. मालकी सरकारची की सावकाराची, या वादात आपण विसाव्या शतकातली अनेक वर्षे घालविली. ब्रेख्तने कदाचित स्वतःला अभिप्रेत नसतानाही दाखविले ते असे की, त्या वादाच्या आधी दुसरा एक प्रश्न येतो: वर्तुळ काढताना, ज्याच्या हातून मूल सुटणार आहे, तो हजर होता काय?

कोसाडमध्ये हा प्रश्न पुस्तकी नाही. आपल्यातील अनेकांच्या आठवणीत इथे शेते होती. जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान योजनेखाली महानगरपालिकेने इथे आवास उभारले आणि शहराच्या निरनिराळ्या भागांतील झोपडपट्ट्यांतून हजारो कुटुंबे इथे आली. ऑगस्ट २००६ च्या पुराने नदीकाठच्या वस्तीचे काय होते ते सर्वांनी पाहिले होते. पक्क्या घराची किंमत मी कमी लेखणार नाही. ज्या बाईने पंचवीस वर्षे पत्र्याच्या छपरावर प्लास्टिक अंथरले तिला विचारा. पण तिने ती पंचवीस वर्षे ज्या जागेवर काढली, जिथे तिने चिखलाची जमीन केली, जिथून धुण्याभांड्यांची चार घरे पायी चालण्याइतकी जवळ होती, त्या जागेवर तिचा ग्रुशासारखा काही हक्क बनला होता की नाही? की ती शेळीवाली ठरली? घर इकडे आले, काम तिकडेच राहिले. मधल्या अंतराचे रिक्षाभाडे रोज मोजावे लागते. याचे उत्तर मी व्यासपीठावरून देऊ शकत नाही. शाळेतल्या निबंधाला मात्र हा विषय अवश्य द्यावा अशी मुख्याध्यापकांना विनंती आहे. मुले आईला विचारून लिहितील, आणि ते निबंध वाचण्याजोगे असतील.

खटल्याच्या शेवटी आणखी एक निकाल आहे, त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मूल ग्रुशाला मिळते, पण सुभेदाराची मालमत्ता तिला मिळत नाही. अझदाक ती नगराच्या स्वाधीन करतो आणि तिथे मुलांसाठी बाग करायला सांगतो. ग्रुशाचा मुलगा गरीबच राहणार असतो. अझदाकाने तिला आधी विचारलेले असते की मुलाने श्रीमंत व्हावे असे तुला वाटत नाही काय? ती उत्तर देत नाही. तिच्या मनातले गायक बोलून दाखवितो: सत्ता आणि संपत्ती हाती आली तर हाच मुलगा उद्या दुबळ्यांना तुडवील, ही तिची भीती असते. आपल्यापैकी किती आयाबाप या प्रश्नावर गप्प राहतील? आपण मुलांना या शाळेत घातले, ट्यूशन लावली, हिऱ्याच्या आणि कापडाच्या बाजारात ओळखी काढल्या, ते त्यांच्या हाती काही यावे म्हणूनच. आईच्या त्या मौनापाशी मला हे नाटक सर्वांत कठीण वाटते, आणि खानोलकरांसारख्या कवीला ते का भावले असेल याचाही थोडा उलगडा होतो.

जाता जाता त्या राजधानीच्या अधिकाऱ्याविषयी. गावकऱ्यांचे नाटक सुरू होण्यापूर्वी तो गायकाला हळूच विचारतो, खेळ किती वेळ चालेल? त्याला रात्रीच परत जायचे असते. थोडे आटोपशीर करता येईल का, असेही तो सुचवून पाहतो. गायक नाही म्हणतो. मग अधिकारी बसतो, शेळीवालेही बसतात, आणि खेळ सुरू होतो.